दावणीपासून आंबिलापर्यंत

नांदेडहून लातूरकडे निघालं की तासाभराच्या आत लोहा लागतं. लोह्यात गाडी थांबते ती दही-धपाट्यांसाठी. ज्वारीचं पीठ, त्यात थोडं बेसन, थोडी कणीक, तिखट, हळद, तीळ, ओवा, ठेचलेला लसूण, भरपूर कोथिंबीर. ओल्या फडक्यावर थापायचा, मधे बोटाने भोकं पाडायची, कडेने तेल सोडून खरपूस भाजायचा. सोबत कवडी पडलेलं घट्ट दही आणि शेंगदाण्याची चटणी. धपाट्याचा तिखट तुकडा आणि गार दही एकाच घासात तोंडात गेलं की पुढचे शंभर किलोमीटर जड वाटत नाहीत.

या भागातल्या जुन्या घरांचा स्वयंपाक आठवून पाहिला तर एक गोष्ट ठळक दिसते. इथे दूध दुधाच्या रूपात चुलीवर फार क्वचित जातं. सणावारी खीर, गाय व्याल्यावर चिकाचा खरवस, लहान मुलाची वाटी, पाहुण्याचा चहा, एवढ्यावर दुधाची मजल संपते. रोजच्या जेवणात मात्र ताक आहे, आणि तेही सगळीकडे. ताकातलं पिठलं, कढी, ताक-कण्या, शिळ्या भाकरीचा ताकातला काला, आणि या सगळ्यांची थोरली बहीण म्हणजे आंबील. कोल्हापुरात माणूस म्हशीच्या धारेखाली पेला धरून धारोष्ण दूध पितो. लातूर-नांदेडात तो ताकाचा तांब्या तोंडाला लावतो. हा फरक आवडीनिवडीचा नाही. त्याचं मूळ स्वयंपाकघरात शोधून सापडणार नाही, ते गोठ्यात, दावणीला बांधलेलं आहे.

या दोन जिल्ह्यांनी देशाला गाईच्या दोन जाती दिल्या. नांदेडच्या कंधार तालुक्याची लाल कंधारी आणि लातूरच्या देवणी भागाची देवणी. लाल कंधारीला जुने लोक लाखलबुंदा म्हणतात. गडद लाल अंग, बैल तर जवळजवळ काळपट लालीचा, मध्यम बांधा, माथ्यावर सारखी वळलेली शिंगं, डोळ्यांभोवती काळी कड. कंधार हे राष्ट्रकूटांच्या काळापासूनचं नामांकित ठिकाण आहे, आणि स्थानिक परंपरा या गाईचा संबंध तिथल्या सोमदेवराय राजाशी जोडते. ती परंपरा जुनी असेल. पण हलक्या ते मध्यम जमिनीत दिवसभर नांगर ओढेल आणि कडब्यावर निभावून नेईल असा बैल निवडत जाणाऱ्या शेतकऱ्यांच्या कित्येक पिढ्या ही या जातीची खरी जन्मदाती, असं मला वाटतं.

देवणीची गोष्ट थोडी वेगळी. गीर, डांगी आणि स्थानिक गुरांच्या संकरातून ही जात घडली असं पशुशास्त्रज्ञ मानतात. तिच्यात रंगावरून तीन प्रकार ओळखतात. वानेरा म्हणजे अंग पांढरं आणि तोंडाच्या दोन्ही बाजूंना काळं. बालंक्या म्हणजे पांढऱ्या अंगावर पोटाखालच्या बाजूला काळे ठिपके. शेवरा म्हणजे पांढऱ्यावर वेडेवाकडे काळे ठिपके. उदगीर तालुक्यातल्या हाळी-हंडरगुळीच्या बाजारात जाणकार शेतकरी जनावर कसं पाहतो ते एकदा नीट पाहावं. तो आधी रंग पाहतो, मग खूर, मग पुढचे पाय आणि छाती, मग शेपटीचा गोंडा. तोंड उघडून दात मोजतो. दोन पावलं चालवायला सांगतो आणि मागून चाल पाहतो. कालवड घेतानाही तो हेच पाहतो, कारण तिच्या पोटी उद्या बैल येणार आहे. कासेला हात लागतो तो सगळ्यात शेवटी.

कासेचा नंबर शेवटी, ही पाहण्याची रीतच या भागाच्या स्वयंपाकाचं बीज आहे. गाय पाळायची ती बैलासाठी. दूध हा जोड फायदा. लाल कंधारी एका वेतात सरासरी 600 लिटरच्या आसपास दूध देते, देवणी त्याहून सरस, साडेआठशेच्या आसपास. रोजचा हिशेब मांडला तर दोन-तीन लिटर, तेही वेत भरात असताना जास्त आणि उन्हाळा लागला की आटत जाणारं. आणि धार काढण्याआधी वासराला पाजायचं, ते गोऱ्हा असेल तर जरा जास्तच, कारण तो उद्या जोडीत उभा राहायचा. उरलेलं तांब्याभर दूध दहा-बारा माणसांच्या घरात प्यायला वाटत बसलं तर कोणाच्याच घशाखाली नीट उतरणार नाही. ते विरजलं, चार दिवसांचं साय-दही डेऱ्यात साठवलं आणि रवीने घुसळलं की मात्र हिशेब बदलतो. लोणी वर येतं, ते कढवून तूप होतं, तूप टिकतं, सणाला उपयोगी पडतं, अडीनडीला विकताही येतं. आणि खाली उरतं डेराभर ताक. त्यात पाणी घातलं की ते घराला पुरून शेजारालाही पुरतं. तूप विकायचं, ताक विकायचं नाही, हा नियम गावागावांत पाळला गेला. सकाळी रवीचा आवाज आला की ज्यांच्या दावणीला जनावर नाही त्यांची पोरं चरवी घेऊन दारात उभी राहत. म्हणजे ज्या घरी गाय नव्हती त्या घराच्या स्वयंपाकातही दुभतं पोचलं, ते ताकाच्याच रूपात.

ताकाला जोड मिळाली ती ज्वारीची, आणि ही जोडी चुलीवर जमण्याआधी शेतात जमलेली होती. ज्वारीचं कणीस माणसाला, कडबा जनावराला. एकाच ताटातून दोघांचं पोट. रब्बीची शाळू ज्वारी जिथे पिकली तिथे बैल राहिला, बैलासाठी गाय राहिली, गाईमुळे ताक आलं आणि ताकात पुन्हा त्याच ज्वारीचं पीठ पडलं. आंबील म्हणतात ते हेच.

आंबील करायची रीत सोपी वाटते, पण ती बिघडायला एक चूक पुरते. आदल्या रात्री ज्वारीचं पीठ आंबट ताकात सैल कालवून झाकून ठेवतात. सकाळी त्याला बारीक बुडबुडे आलेले असतात आणि वास बदललेला असतो. मोठ्या पातेल्यात पाणी उकळायला ठेवून त्यात हे मिश्रण धारेने सोडायचं आणि लाकडी पळीने सारखं ढवळत राहायचं. हात थांबला की गुठळी होते. पीठ शिजलं की रंग बदलतो, पांढरटपणा जाऊन किंचित पारदर्शक, चकाकी असलेला दाटपणा येतो. मग खाली उतरवून पूर्ण गार होऊ द्यायचं. गार झाल्यावरच त्यात आणखी ताक, मीठ, ठेचलेलं आलं-लसूण-हिरवी मिरची, जिरं, कोथिंबीर. माठात किंवा मातीच्या बिंदगीत भरून ठेवलं की संध्याकाळपर्यंत चव चढत जाते. मातीच्या सच्छिद्र अंगातून पाणी झिरपून आंबील गार राहते, आणि आंबणं चालूच राहतं म्हणून सकाळची आंबील आणि संध्याकाळची आंबील एका चवीची नसते.

या रीतीत पिढ्यान्‌पिढ्यांचं शहाणपण आहे. नुसतं ताक तापवलं तर ते फुटतं: आंबटपणामुळे आधीच सैल झालेली दुधातली प्रथिनं उष्णतेने एकमेकांना चिकटतात, गोळे तळाशी बसतात आणि वर पिवळट पाणी तरंगतं. पीठ सोबत असलं की 70 अंशांच्या आसपास त्यातला स्टार्च फुगतो, पाणी धरतो आणि प्रथिनांचे कण एकमेकांपासून दूर ठेवतो. कढीला बेसन लावतात तेही याचसाठी. रात्रभर आंबवण्याचा दुसरा फायदा पोटाचा. धान्यात फायटेट नावाचं द्रव्य असतं, ते लोह आणि जस्त धरून ठेवतं. आंबवल्यावर त्याचं प्रमाण घटतं आणि ज्वारीतलं लोह अंगी लागणं सोपं होतं. ज्या बाईने ही रीत पहिल्यांदा बसवली तिला फायटेट ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. आंबवलेली ज्वारी पोटाला हलकी लागते आणि उन्हात कामाला बळ देते, एवढं तिला पुरेसं होतं.

पीठ आणि आंबट दुभतं यांचं हे लग्न किती जुनं? ऋग्वेदात पूषन् नावाचा देव आहे, वाटांचा आणि गुराढोरांचा राखणदार. त्याचं आवडतं अन्न करंभ, म्हणजे भरडलेल्या धान्याची कांजी, बहुधा दह्यात कालवलेली. ब्राह्मणग्रंथ सांगतात की पूषन् बोळका आहे, म्हणून त्याला मऊ अन्न. अथर्ववेदाच्या शेवटच्या कांडात परीक्षित राजाच्या राज्यातल्या सुबत्तेचं वर्णन आहे, तिथे बायको घरी आलेल्या नवऱ्याला विचारते की दही आणू, मंथ आणू की आणखी काही. मंथ म्हणजे घुसळून केलेलं पिठाचं पेय. वेदांतलं ते धान्य जव होतं. ज्वारी मूळची आफ्रिकेची, ती इथे आली आणि दख्खनच्या काळ्या मातीत घरच्यासारखी रुजली. तेव्हा आंबील ही करंभाची थेट लेक आहे असं मी म्हणणार नाही. पण गुरं राखणाऱ्या माणसाने तेच गणित जव आणि दह्यात सोडवलं आणि इथल्या माणसाने ज्वारी आणि ताकात, इतकं नक्की म्हणता येतं. राजस्थानात बाजरीचं पीठ ताकात आंबवून राबडी करतात. कर्नाटक-तेलंगणात नाचणी-ज्वारीची अंबली आहे. तुर्कस्तानात दही आणि गव्हाचं पीठ आंबवून, वाळवून तरहाना करून ठेवतात, लेबनॉन-सीरियाकडे दही आणि दलियाचा किश्क. ज्या ज्या मुलखात पाऊस बेभरवशाचा, धान्य भरड आणि दूध थोडं, तिथे तिथे माणूस या एकाच युक्तीला येऊन पोचला.

लातूरच्या दक्षिणेला, निलंग्याच्या पलीकडे आज कर्नाटकात असलेलं बसवकल्याण म्हणजे चालुक्यांची राजधानी कल्याणी. तिथे 1130 च्या सुमारास सोमेश्वर तिसरा या राजाने ‘मानसोल्लास’ रचला. त्यात राजाच्या भोजनाचा सविस्तर भाग आहे आणि दुधाचे पदार्थ डोळे दिपवणारे आहेत. दही बांधून, पाणी निथळून, साखर घालून केलेली शिखरिणी, जिला आपण आज श्रीखंडाची आजी म्हणू. तापलेल्या दुधात आंबट घालून ते फाडायचं, पाणी काढून टाकायचं, उरलेल्या छेन्यात तांदळाचं पीठ मळून गोळ्या वळायच्या, तुपात तळायच्या आणि पाकात घोळायच्या, असाही प्रकार आहे. दूध मुद्दाम फाडून त्याची मिठाई करायची ही रीत दख्खनच्या राजवाड्यात नऊशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलेली आहे, हे मराठी माणसाने अभिमानाने लक्षात ठेवायला हवं. राजाच्या भाणशीला दुधाचा तोटा नव्हता, म्हणून तिथे दूध फाडून चालत होतं. शिवारात ते परवडण्यासारखं नव्हतं. तिथे फाटू न देण्याची कला वाढली.

नांदेड शहरात दुभत्याचा एक तिसराच प्रवाह आहे. 1708 मध्ये गुरू गोविंदसिंगांनी इथे देह ठेवला, आणि 1832 ते 1837 या काळात महाराजा रणजितसिंगांनी सचखंड हुजूर साहिबची वास्तू उभारली. तिथला कडाह प्रसाद म्हणजे कणीक, साखर आणि साजूक तूप, तिन्ही सम प्रमाणात. पंजाबची सुबत्ता त्या तुपात आहे, आणि गोदाकाठच्या माणसाने ओंजळ पुढे करून ती आपली मानली. नांदेडात वाढलेल्या कोणत्याही जातीधर्माच्या मुलाला गरम प्रसादाचा हाताला लागलेला तुपकटपणा आठवतो.

निजामी राजवट 17 सप्टेंबर 1948 ला संपली, पण उदगीर, औसा, कंधार, नांदेडच्या मुस्लिम घरांत दह्याचं काम त्याआधीपासून वेगळं होतं: कच्च्या गोश्ताच्या बिर्याणीत मटण दह्यात मुरवायचं. दही इथे आंबटपणासाठी कमी आणि मांस मऊ करण्यासाठी जास्त. 1956 पर्यंत उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके बिदर जिल्ह्यात होते, त्यामुळे या पट्ट्यात मराठी, कानडी आणि दख्खनी उर्दू एकाच बाजारात बोलल्या गेल्या आणि एकमेकींच्या चुलीही त्यांनी पाहिल्या. पश्चिमेला भूम-कुंथलगिरीकडे खव्याच्या भट्ट्या पेटल्या, कारण दूध दूरच्या शहरात नासल्याशिवाय पोचवायचं तर आटवणं हाच मार्ग होता. खव्याचा तो इतिहास मोठा आहे आणि स्वतंत्र लिहिण्याजोगा आहे.

आंबिलाचा मान मात्र लातूर-धाराशिवच्या वेळ अमावस्येला. मार्गशीर्ष अमावस्या, लोकांच्या तोंडी येळवस. सीमेपलीकडे बिदर-कलबुर्गीत हीच एळ्ळ अमावस्या. रब्बी पीक कमरेला आलेलं असतं, तुरीच्या शेंगा भरलेल्या असतात. शेतात कडब्याच्या पेंढ्यांची कोप करायची, आत पाच पांडव म्हणून पाच दगड, चुना आणि कावेने रंगवलेले. पूजा झाली की भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर आणि आंबील यांचा नैवेद्य. ही भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हेत, ओल्या शेंगांचे दाणे आणि हाताला लागतील त्या पालेभाज्या एकत्र शिजवून केलेली घट्ट भाजी. आणि मग घरचा कर्ता तांब्यात आंबील घेऊन, ठरलेला घोष करत, उभ्या पिकातून फिरतो आणि चारी बाजूंना ती शिंपडतो. ज्या जमिनीने ज्वारी दिली आणि ज्या गाईने ताक दिलं, त्या दोघींचं मिळून झालेलं अन्न जमिनीला परत. लातूर जिल्ह्यात या दिवशी जिल्हाधिकारी स्थानिक सुट्टी देतात, शहरातले रस्ते ओस पडतात, आणि ज्याला शेत नाही त्याला कोणीतरी आपल्या शेतात जेवायला नेतोच.

याच दिवसांत लोहा तालुक्यातल्या माळेगावला खंडोबाची यात्रा भरते. तिथल्या जनावरांच्या बाजारात लाल कंधारी आणि देवणीची प्रदर्शनं लागतात, शिंगांना रंग आणि गळ्यात घुंगरमाळा घालून वळू मिरवतात. येळवस आणि माळेगाव एका आठवड्यात येतात हा मला योगायोग वाटत नाही. एकीकडे शेताची पूजा, दुसरीकडे ते शेत कसणाऱ्या बैलाचा बाजार, दोन्ही एकाच ऋतूची कामं.

ही साखळी तुटायला लागली ती दोन्ही टोकांनी. ट्रॅक्टर आला आणि बैलजोडीची गरज सरली. सोयाबीन आलं, लातूरची बाजारपेठ सोयाबीनच्या भावासाठी राज्यभर ओळखली जाऊ लागली, आणि ज्वारीचं रान आकसलं. सोयाबीनचं भुसकट जनावर कडब्यासारखं आवडीने खात नाही. कडबा महागला, दावणी मोकळ्या झाल्या. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचं पाणी आणावं लागलं, तेव्हा जनावर सांभाळणं किती जणांना झेपलं असेल? ज्यांच्याकडे गाय राहिली त्यांच्याकडे ती जर्सी किंवा होल्स्टीनच्या संकराची. ती दावणीला एका वेळी देवणीच्या दिवसभराहून जास्त दूध देते, पण ते दूध सकाळ-संध्याकाळ संकलन केंद्रावर जातं, फॅट मोजून पैसे होतात, आणि घरात विरजायला उरत नाही. उदगीरला सरकारी दूध भुकटी प्रकल्प उभा राहिला आणि पुढे बंद पडला. 2016 पासून राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाच्या मदतीने विदर्भ-मराठवाडा दुग्धविकास प्रकल्प चालू आहे. या पैशाचं मोल मी कमी लेखत नाही. कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरी दर दहा दिवसांनी हातात येणारा दुधाचा पगार म्हणजे मुलांची फी आणि दवाखान्याचा खर्च आहे. पण गावात दूध वाढलं आणि ताक संपलं, हेही तितकंच खरं आहे.

म्हणून येळवसीच्या आदल्या दिवशी लातूरच्या दुकानांत दह्याच्या पिशव्या संपतात. पिशवीतलं दही मोजक्याच जिवाणूंनी लावलेलं, गोडसर आणि एकसारखं. त्यात लोणी काढलेल्या ताकाची धार नसते. अनुभवी बायका त्यावर उपाय काढतात. अमावस्येच्या तीन दिवस आधी पिशवीचं दही आणून त्यात घरचं जुनं विरजण मिसळायचं, उबेला ठेवून चांगलं आंबवायचं, मग पाणी घालून घुसळायचं आणि वर आलेलं लोणी काढून टाकायचं. कोणी मिक्सर फिरवतं, कोणी कपाटावरची रवी खाली काढतं. पीठही थोडं जास्त लागतं आणि आच मंद ठेवावी लागते. माठ मिळाला नाही तर स्टीलच्या डब्यात भरतात. आंबील गार राहत नाही, म्हणून बर्फ टाकतात. देवणी बाळगणारं एखादं घर ओळखीचं असलं तर मात्र आदल्या संध्याकाळी तिथे फोन जातो. त्या घरची बाई तांब्याभर ताक बाजूला काढून ठेवते. पैसे विचारले तर तिला राग येतो.